कोपराचे शिरस्त्राण

आमच्या कॉलेजच्या फाटकाशी सकाळी पाच मिनिटे उभे राहावे आणि आत येणाऱ्या दुचाकींकडे पाहावे. काहींचे हेल्मेट डोक्यावर असते, काहींचे आरशावर, तर काहींचे कोपरात अडकवलेले. मागे बसलेल्या मित्राच्या वा मैत्रिणीच्या डोक्यावर बहुधा काहीच नसते. विधात्याने मेंदू कोपरात ठेवला आहे, अशीच या मंडळींची समजूत असावी!

हा विनोद करण्याचा अधिकार मला जरा महागात पडला आहे. दोन वर्षांपूर्वी माझा दादा घरापासून तिसऱ्या गल्लीत स्कूटरवरून दूध आणायला निघाला. हेल्मेट कोपरात होते. चौकात पोलीस दिसला तर घालू, असा हिशेब. वळणावर वाळू सांडलेली होती. स्कूटर घसरली. हेल्मेटवर एक ओरखडा आला, कोपर शाबूत राहिले आणि डोके कडेच्या दगडावर आपटले. दादा बरा झाला, कामावर जातो, हसतो-बोलतो. फक्त त्याला वास येत नाही. अशा हिसक्याने नाकाकडून मेंदूकडे जाणारे नाजूक तंतू तुटतात आणि ते पुन्हा जुळतीलच असे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. आईने फोडणी दिली की तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन ‘आज काय केलंयस?’ असे विचारतो. पूर्वी त्याला विचारावे लागत नसे.

‘गल्लीतल्या गल्लीत हेल्मेट कशाला?’ असे म्हणणाऱ्यांनी शाळेतले भौतिकशास्त्र आठवावे. दीड मीटर उंचीवरून पडलेले डोके जमिनीवर ताशी सुमारे वीस किलोमीटर वेगाने आदळते. म्हणजे उभी स्कूटर कलंडली तरी तेवढा तडाखा ठरलेलाच. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी हेल्मेट न घातलेले दुचाकीस्वार आणि मागे बसलेले मिळून पन्नास हजारांवर होते.

ही गोष्ट आज कळली असेही नाही. १९३५ साली इंग्लंडमध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून वारला. त्याला तपासणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे अशा अपघातांचा अभ्यास केला आणि १९४१ साली हेल्मेटचे महत्त्व पुराव्यानिशी मांडले. आपल्याकडेही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ हेच सांगते, आणि ते मागे बसणाऱ्यालाही लागू आहे.

तरीही जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात कारवाई कडक झाली तेव्हा सक्तीच्या विरोधात लोक रस्त्यावर उतरले. आधी खड्डे बुजवा, हे त्यांचे म्हणणे मलाही पटते. पण खड्डे बुजेपर्यंत डोके उघडे ठेवायचे, हा कुठला न्याय? मात्र एक गोष्ट मी मान्य करतो. सक्तीने हेल्मेट कोपरापर्यंत पोहोचते, डोक्यापर्यंत पोहोचत नाही. पुढची वीतभर वाट आपली आपणच चालायची असते.

पोलिसासाठी घेतलेले आणि डोक्यासाठी घेतलेले हेल्मेट यांत फरक असतो, तो असा. पोलिसासाठी घेताना किंमत आणि रंग पाहतात. डोक्यासाठी घेताना आयएसआय चिन्हाबरोबर ‘आयएस ४१५१’ हा क्रमांक पाहावा. जून २०२१ पासून या चिन्हाविना दुचाकीचे हेल्मेट विकणे बेकायदा आहे, हे पदपथावर खरेदी करताना विसरू नये. खरे काम आतल्या थर्मोकोलसारख्या जाड थराचे असते. तो स्वतः चेपतो आणि तडाखा पचवतो. म्हणूनच एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी टाकून द्यावे. भुवयांच्या वर टेप धरून डोक्याचा घेर मोजावा. गाल किंचित दाबले गेले पाहिजेत. पट्टा बांधून मागून वर ओढले असता हेल्मेट निघाले, तर ते आपले नव्हे. हनुवटी झाकणारे असेल तर उत्तम, कारण तोंडावर पडणाऱ्याचा जबडाही आपलाच असतो. आणि बंद न केलेला पट्टा म्हणजे नुसती टोपी!

विद्यार्थ्याच्या खिशाला जाकीट परवडेलच असे नाही. पण पडताना माणूस आधी हात टेकतो, म्हणून जाड हातमोजे घ्यावेत. चपलेऐवजी घोटा झाकणारे बूट असावेत. ओढणी चाकात जाणार नाही अशी खोचून बसावे. यासाठी फार पैसा लागत नाही. आणि पैसे थोडे असतील तर भारी हेल्मेट एक घेण्यापेक्षा साधी पण खरी दोन घ्यावीत. आपल्या मागे बसतो तोही कुणाचा तरी दादा असतो.

गेल्या महिन्यात दादाने दुसरे हेल्मेट आणले, माझ्यासाठी. मी ते घालून पाहिले. ‘कसला वास येतो रे?’ त्याने विचारले. मी म्हटले, ‘नव्या दप्तराचा.’ तो क्षणभर थांबला, मग ‘आठवतोय’ म्हणाला आणि त्याने माझ्या हनुवटीखालचा पट्टा ओढून घट्ट केला.