इजिप्तच्या दगडांशेजारची माणसे

कैरोजवळ गिझा येथे पिरॅमिडांच्या परिसरात उभारलेले नवे भव्य वस्तुसंग्रहालय १ नोव्हेंबर २०२५ रोजी समारंभपूर्वक खुले झाले. तूतनखामेनच्या थडग्यात १९२२ साली सापडलेल्या पाच हजारांहून अधिक वस्तू तेथे प्रथमच एकत्र मांडण्यात आल्या आहेत. मुंबई-पुण्याच्या प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींत इजिप्तचे नाव आता सर्रास दिसते. आयुष्यभराच्या बचतीतून एकदाच परदेशवारी करणारा निवृत्त शिक्षक किंवा कारकूनही कैरो, लक्सर आणि अस्वान यांची यात्रा करून येतो. परतल्यावर त्याच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ असते. परंतु त्या सांगण्यात रामसेस असतो, हातशेप्सुत राणी असते, सोन्याचा मुखवटा असतो. जिवंत इजिप्शियन माणूस त्यात आलाच, तर तो बहुधा पिच्छा पुरवणारा उंटवाला म्हणून येतो. दहा कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशाची ही ओळख अपुरी आहेच, शिवाय ती अन्यायकारकही आहे.

ही दृष्टी आपण निर्माण केलेली नाही. ती आपण उसनी घेतली आहे. १७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तवर चालून गेला तेव्हा सैन्याबरोबर त्याने दीडशेहून अधिक विद्वान नेले होते. पुढच्याच वर्षी रोझेटा येथे प्रसिद्ध शिलालेख सापडला, १८०२ मध्ये तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचला आणि १८२२ मध्ये शांपोलियों या फ्रेंच पंडिताने प्राचीन चित्रलिपीचे कोडे उलगडले. या विद्येचे ऋण कोणीही नाकारू नये. तथापि तिच्याबरोबर एक समजही युरोपात रुजला. जुना इजिप्त थोर. आजचे रहिवासी मात्र त्या थोरवीच्या अवशेषांत योगायोगाने राहणारे लोक, असा तो समज होता. मॅक्सिम द्यु काँ या फ्रेंच प्रवाशाने १८४९ ते १८५१ या काळात तेथील मंदिरांची छायाचित्रे घेतली. त्यांतील अनेक चित्रांत त्याच्या बोटीवरचा एक नूबियन खलाशी खांबाजवळ किंवा पुतळ्याजवळ उभा दिसतो. त्याला तेथे उभे केले होते ते मंदिराची उंची पाहणाऱ्यास कळावी म्हणून! माणसाची मोजपट्टी झाली. आजही किती छायाचित्रांत स्थानिक माणसाला याहून अधिक स्थान असते, हे प्रत्येक प्रवाशाने आपापले अल्बम उघडून पाहावे.

यजमानाच्या घरात माणसे राहतात, याचा पाहुण्यास विसर पडला की काय घडते, हे दिन्शवाई या खेड्याने १९०६ साली जगाला दाखवले. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील शेतकरी उंच मनोरे बांधून त्यांत कबुतरे पाळतात. मांसासाठी आणि खतासाठी ती त्यांची मिळकतच असते. १३ जून रोजी काही ब्रिटिश लष्करी अधिकारी तेथे शिकारीला गेले आणि गावकऱ्यांची कबुतरे टिपू लागले. झटापट झाली, बंदूक उडून एक स्त्री जखमी झाली आणि गावकऱ्यांनी अधिकाऱ्यांना मारहाण केली. त्यांतील एक अधिकारी भर उन्हात पळत जाऊन कोसळला व मरण पावला. खास न्यायालय बसले आणि पंधरवड्यात, २८ जून रोजी, चार गावकऱ्यांना त्यांच्याच गावात, आप्तांच्या डोळ्यांदेखत फाशी देण्यात आले. अनेकांना फटक्यांची व कारावासाची शिक्षा झाली. इजिप्तच्या राष्ट्रीय चळवळीला या घटनेने धार आली, आणि दुसऱ्या वर्षी लॉर्ड क्रोमर यांनी पद सोडले. ते अधिकारी राज्यकर्ते होते आणि आजचा प्रवासी तसा नाही, हे खरे. पण समोरचे पाखरू कोणाचे आहे, हे विचारण्याची गरज न वाटणे हा या प्रकरणातील मूळ दोष होता. तो दोष साम्राज्याबरोबर नाहीसा झाला, असे म्हणवत नाही.

ज्या प्राचीन वैभवापुढे आपण नतमस्तक होतो, ते जमिनीबाहेर काढले ते तरी कोणी? फ्लिंडर्स पेट्री या इंग्रज संशोधकाने १८९३-९४ मध्ये कुफ्त या गावी उत्खनन केले आणि तेथील ग्रामस्थांना या कामात तरबेज केले. पुढे ‘कुफ्ती’ हा शब्दच कुशल उत्खनन-मुकादमाचा वाचक झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या गावची माणसे देशभरच्या उत्खननांवर राबली. मातीचा रंग किंचित पालटला की येथे भिंत होती, हे त्यांचे हात ओळखत. हॉवर्ड कार्टरनेही आपल्या ग्रंथात अहमद गेरिगर आदी मुकादमांचे आभार मानले आहेत. कार्टरचे नाव मात्र शाळकरी मुलांनाही ठाऊक असते, आणि गेरिगरचे नाव ऐकलेला माणूस शोधावा लागतो.

दगड वाचवताना माणसांचे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. अस्वानच्या उंच धरणाचे पाणी अबू सिंबेलची मंदिरे गिळणार, असे दिसताच युनेस्कोने १९६० मध्ये जगाला हाक दिली. १९६४ ते १९६८ या काळात ती मंदिरे कापून, शिळा-शिळा उचलून, सुमारे पासष्ट मीटर उंचावर पुन्हा उभारण्यात आली. बुडणाऱ्या नूबियात उत्खनन करण्यासाठी बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पथकही गेले होते. हे मानवजातीला भूषणावह असे कार्य होते, यात संशय नाही. परंतु त्याच पाण्याखाली नूबियन लोकांची गावे, खजुरीच्या बागा आणि पूर्वजांची दफनस्थळे गेली. इजिप्तमधील सुमारे पन्नास हजार नूबियनांना १९६३-६४ मध्ये नाईलच्या काठावरून उचलून कोम ओंबोच्या परिसरात वसवण्यात आले. देवळाला नदीचा काठ पुन्हा मिळाला. देवळाच्या शेजाऱ्यांना तो मिळाला नाही. धरणग्रस्त हा शब्द ज्या भाषेत रोजच्या वापरातला आहे, त्या भाषेच्या वाचकाला याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

लक्सरच्या पश्चिम तीरावरील कुर्ना गावाची कथाही अशीच आहे. प्राचीन थडग्यांच्या टेकडीवर ही वस्ती होती. हज यात्रेची चित्रे रंगवलेल्या भिंतींची ही घरे थडग्यांना धोका म्हणून हलवावीत, असे सरकारने १९४० च्या दशकात ठरवले. हसन फाथी या थोर वास्तुशिल्पज्ञाने मातीच्या विटांचे, घुमटांचे देखणे ‘नवे कुर्ना’ रचले. रचनाकाराची कळकळ वादातीत होती. तरीही बहुसंख्य गावकरी तेथे गेले नाहीत. निर्णय त्यांच्यासाठी घेतला होता, त्यांच्याबरोबर घेतला नव्हता. अखेर २००६ च्या अखेरीपासून जुनी घरे पाडण्यात आली. थडग्यांची चोरी हा खरा प्रश्न होता, हे मान्य केलेच पाहिजे. पण आज प्रवाशाला ती टेकडी ‘स्वच्छ’ दिसते, तेव्हा तेथे काही पिढ्यांचे संसार होते हेही त्याला कळावे.

आपल्या वारशाची इजिप्शियनांना पर्वा नाही, हा आक्षेप आता तरी थांबावा. २८ जानेवारी २०११ च्या रात्री कैरोच्या तहरीर चौकात क्रांतीची धग होती आणि पोलीस निघून गेले होते. शेजारच्या वस्तुसंग्रहालयात चोर शिरले, काही वस्तूंची नासधूसही झाली. त्या वेळी सामान्य नागरिकांनी हातात हात गुंफून त्या इमारतीभोवती साखळी केली. स्वतःच्या भाकरीसाठी आणि स्वातंत्र्यासाठी रस्त्यावर आलेल्या माणसांना फेरोंची आठवण राहिली, ही गोष्ट लहान नव्हे.

भारतीय प्रवाशाने हे सारे अधिक चटकन ओळखावे, अशी अपेक्षा आहे. गारुडी, साधू आणि हत्ती एवढाच भारत टिपून नेणाऱ्या गोऱ्या पाहुण्यांचा राग आपण पिढ्यान्‌पिढ्या केला. तोच कॅमेरा हाती आल्यावर आपण वेगळे वागणार की नाही, हा खरा प्रश्न आहे. वस्तुतः आपल्याला तेथे परके वाटण्याचे कारण नाही. हिशेब, दुकान, कलम, खुर्ची, हमाल, तारीख हे आपले रोजचे शब्द अरबीतून आलेले आहेत. उच्चारात थोडा फरक करून ते कैरोच्या गल्लीत आजही कानी पडतात. इजिप्शियन माणूस आपल्या देशाला अभिमानाने ‘उम्म अद्-दुनिया’ म्हणतो. जगाची आई या अर्थाच्या त्या शब्दांतली दुनिया आपलीच आहे. तांदूळ आणि मसूर यांच्या ‘कोशरी’चे नाते आपल्या खिचडीशी सांगितले जाते. तेथील आंब्यांत ‘हिंदी’ नावाची जात आहे. भारतीय म्हटल्यावर जुनी पिढी नेहरू-नासर मैत्रीची आठवण काढते आणि टॅक्सीवाला अमिताभ बच्चनचे नाव घेतो. इतके दुवे असताना मार्गदर्शकाच्या छत्रीमागे मुकाट चालत राहणे हा करंटेपणा होय.

आदर म्हणजे काही अवघड विद्या नव्हे. सकाळी ‘सबाह अल्-खैर’ म्हणावे. समोरून ‘सबाह अन्-नूर’, म्हणजे प्रकाशाची सकाळ, असे उत्तर येते. छायाचित्र घेण्यापूर्वी ‘मुमकिन?’ एवढे विचारावे आणि नकार आला तर कॅमेरा खाली करावा. मशिदीत पादत्राणे काढावीत, अंगभर वस्त्रे असावीत, नमाज चालू असता खांबांची मोजदाद करू नये. रमजानमध्ये उपाशी चालकाच्या शेजारी बसून फराळाचा डबा उघडू नये. सगळेच इजिप्शियन मुसलमान आहेत असेही धरून चालू नये. कॉप्ट ख्रिस्ती समाज तेथे फार प्राचीन आहे आणि त्याच्या उपवासाच्या पदार्थांत मांस, दूध, अंडी नसल्याने आपल्या शाकाहारी प्रवाशाची सोय परस्पर होते. राजकारणावर कोणाला खोदून विचारू नये. पाहुणा विमानात बसून परततो. बोलणारा तेथेच राहतो.

यावर अनुभवी प्रवासी म्हणतील की, हे सारे ठीक, पण गिझाच्या फाटकाशी जो त्रास होतो त्याचे काय? तो त्रास खरा आहे. फसवणूक ही फसवणूकच. तिच्यापुढे मान तुकवणे म्हणजे आदर नव्हे. स्त्रियांना होणारा उपद्रवही झाकून ठेवण्यासारखा नाही. इजिप्तच्या सरकारलाच २०१४ मध्ये त्याविरुद्ध कायदा कडक करावा लागला. परंतु छातीवर हात ठेवून ‘ला, शुक्रन’ म्हणणे आणि माणसाला माशीसारखे झटकणे यांत अंतर आहे. २०११ नंतर प्रवासी आटले, २०२० च्या साथीत पुन्हा आटले. मार्च २०२४ मध्ये एका डॉलरला सुमारे ३१ असलेला पौंडाचा दर एकदम ५० च्या आसपास गेला. त्याच वर्षी जूनमध्ये सरकारी अनुदानाची भाकरी पाच पियास्त्रांची वीस झाली. त्या भाकरीला तेथे ‘एश’ म्हणतात, आणि एश म्हणजे जगणे. दहा पौंडांसाठी अर्धा तास घासाघीस करून जिंकल्याचा आनंद मिरवताना समोरच्याच्या घरच्या एशचा हिशेब डोळ्यांपुढे असावा. घासाघीस जरूर करावी, कारण तेथे तो संभाषणाचा एक प्रकार आहे. मात्र ती चहाचा पेला संपेतो चालावी आणि दोघेही हसत उठावेत.

इजिप्तच्या भूमीचा फार मोठा भाग वाळवंट आहे. जवळजवळ सारी वस्ती नाईलच्या चिंचोळ्या हिरव्या पट्ट्यात दाटलेली आहे. पाच हजार वर्षे त्या पट्ट्यात कोणी तरी पेरले, कापले, भाकरी भाजली, म्हणून पिरॅमिड उभे राहू शकले. आज त्या काठावर नांगर धरणारा, रिक्षा हाकणारा, शाळेत शिकवणारा आणि कचेरीत फायली उपसणारा माणूस हाच त्या संस्कृतीचा चालू अध्याय आहे. आपल्याकडचा शिक्षक आणि कारकून त्याला पाहताच ओळखेल, कारण दोघांची पगाराची तारीख आणि मुलांच्या शिक्षणाची काळजी एकच आहे. संग्रहालयाचे तिकीट विकत मिळते. या माणसाची ओळख मात्र त्याला आधी विचारल्याखेरीज मिळत नाही.