अध्यासनाचे नाव आणि अध्यासनाचे स्वातंत्र्य

विद्यापीठातील अध्यासनाला दात्याचे वा त्याच्या आप्ताचे नाव देण्याची रूढी जुनी आहे. हे नाव कृतज्ञतेपोटी दिलेले असते. त्यातून विषयावरील स्वामित्व सिद्ध होत नाही. ज्ञानाच्या बहुतेक क्षेत्रांत ही गोष्ट निर्विवाद मानली जाते. परंतु ज्या विषयात दात्याच्याच घरातील माणसे मारली गेली आहेत, तेथे ती तितकी सरळ राहत नाही. ज्यूंचा इतिहास आणि वंशसंहाराचा अभ्यास ही अमेरिकन विद्यापीठांतील अध्ययनक्षेत्रे मोठ्या प्रमाणावर कुटुंबांच्या देणग्यांतून उभी राहिली. त्यांचा अनुभव तपासला असता एक तत्त्व हाती लागते. कुटुंबाने द्रव्य द्यावे, कागदपत्रे द्यावीत, साक्षही द्यावी. मात्र संशोधनातून काय निघावे हे ठरवू नये.

या परंपरेचा प्रारंभ वंशसंहाराच्या स्मरणातून झालेला नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. १९२५ मध्ये ल्यूशियस लिटाउअर यांनी आपले वडील नेथन यांच्या स्मरणार्थ हार्वर्ड विद्यापीठात हिब्रू वाङ्मय व तत्त्वज्ञान यांचे अध्यासन स्थापन केले. हॅरी वुल्फसन हे त्याचे पहिले प्राध्यापक. पुढे कोलंबिया विद्यापीठात लिंडा मिलर यांनी आपले पती नेथन मिलर यांच्या नावे ज्यू इतिहासासाठी निधी दिला आणि १९३० मध्ये त्या जागी सालो बॅरन यांची नियुक्ती झाली. तोवर हा विषय बहुधा धर्मशास्त्राच्या वा सेमिटिक भाषांच्या छत्राखाली शिकविला जात असे. बॅरन यांनी तो इतिहासाच्या शिस्तीत आणला. एका विधवेच्या देणगीने एका समाजाचा भूतकाळ सामान्य इतिहासाच्या अभ्यासक्रमात जाऊन बसला, ही घटना लहान नव्हे.

बॅरन यांची भूमिका या चर्चेच्या केंद्रस्थानी आहे. १९२८ मधील एका लेखात त्यांनी ज्यूंचा इतिहास म्हणजे केवळ छळाची आणि अश्रूंची मालिका या समजुतीवर आक्षेप घेतला होता. व्यापार, कुटुंबव्यवस्था, पंचायती, विद्या, शेजाऱ्यांशी असलेले व्यवहार यांखेरीज तो इतिहास अपुरा राहतो, असा त्यांचा आग्रह होता. यानंतर जे घडले ते सर्वज्ञात आहे. गॅलिशियातील टार्नूव या त्यांच्या जन्मगावचा ज्यू समाज नष्ट झाला. त्यांचे आईवडील व एक बहीण नाझींच्या संहारात मारली गेली. १९६१ मध्ये जेरुसलेम येथील आइकमन खटल्यात त्यांची साक्ष झाली. तेथे त्यांनी प्रामुख्याने मांडले ते युद्धपूर्व युरोपातील ज्यू जीवनाचे चित्र. काय नष्ट झाले हे कळल्याशिवाय नाशाचे मोजमाप होत नाही, हा त्या साक्षीचा गर्भितार्थ होता. स्मरणाचे अध्यासन केवळ मृत्यू शिकवील तर मारणाऱ्याने उरविलेले तेवढेच ते शिकवील; जगणेही शिकवील तरच त्याला इतिहासाचे अध्यासन म्हणता येईल.

मराठी अभ्यासकाला या युक्तिवादाचा पुरावा कोकणातच सापडतो. बेने इस्रायल समाज शतकानुशतके कुलाबा जिल्ह्याच्या गावांतून तेल गाळीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, मराठी बोलत राहिला. शेजाऱ्यांनी त्याचा छळ केल्याचा इतिहास नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या समाजाने बायबलातील आख्याने मराठी कीर्तनात बांधली. अश्रूंची मालिका हेच ज्यू इतिहासाचे सूत्र मानले तर या समाजाला त्यात जागाच उरत नाही. हाइम सॅम्युअल केहिमकर यांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून सिद्ध केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीव येथे. त्यामागे अध्यासन असते तर चाळीस वर्षे हस्तलिखित पडून राहिले असते काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

द्रव्याइतकेच, किंबहुना अधिक मोलाचे दान साक्षीचे असते. १९७९ मध्ये न्यू हेवन येथे संहारातून वाचलेल्यांच्या साक्षी चित्रफितींवर नोंदविण्यास आरंभ झाला. पुढे तो संग्रह येल विद्यापीठाकडे आला. आज तो फॉर्च्युनॉफ या नावाने ओळखला जातो. या कार्याच्या आरंभकर्त्यांपैकी डोरी लाउब हे मानसोपचारतज्ज्ञ स्वतः बालपणी त्या छळातून वाचले होते. १९९२ मध्ये शोशाना फेलमन यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी एक प्रसंग नोंदविला आहे. आउश्विट्झमधील १९४४ च्या उठावाविषयी सांगताना एका स्त्रीने चार धुराडी उडाल्याचे म्हटले. एकच धुराडे उडाले होते, तेव्हा ही साक्ष अविश्वसनीय होय, असे इतिहासकारांचे मत पडले. त्या स्त्रीची साक्ष धुराड्यांच्या संख्येची नसून, अशक्य वाटणारा प्रतिकार तेथे घडला याची होती, असे लाउब यांचे प्रतिपादन. साहित्याच्या अभ्यासकाला येथे कोणा एकाची बाजू घेण्याचे कारण नाही. संख्या दुरुस्त केलीच पाहिजे आणि स्त्रीचे ऐकलेही पाहिजे. कुटुंबाला दुरुस्ती दुखावते. केवळ कागदावर विसंबणाऱ्याला ऐकणे जड जाते. ही दोन्ही कामे एका छताखाली करण्यासाठीच विद्यापीठ लागते.

मॅसॅच्युसेट्समधील क्लार्क विद्यापीठाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथे १९९८ मध्ये ज्यू कुटुंबांच्या देणग्यांतून ज्यू संहार व वंशसंहार यांच्या अभ्यासाचे स्ट्रॅसलर केंद्र उभे राहिले. त्याच केंद्रात कलूस्दियन आणि मुगर या आर्मेनियन कुटुंबांच्या निधीतून १९१५ च्या आर्मेनियन वंशसंहाराचे अध्यासन निर्माण झाले. २००८ पासून २०२२ पर्यंत त्या अध्यासनावर होते तानेर आक्चाम हे तुर्की इतिहासकार. आर्मेनियनांच्या पैशाने तुर्काची नेमणूक व्हावी, यात औदार्य तर आहेच. पण त्याहून अधिक अभ्यासपद्धतीवरील विश्वास आहे. संहारातून वाचलेले धर्मगुरू क्रिकोर गेर्गेरियन यांनी जेरुसलेममधील आर्मेनियन संग्रहातील कागदांची छायाचित्रे घेतली होती. ती त्यांच्या पुतण्याने न्यूयॉर्कमध्ये सांभाळली. एका घराण्याने राखलेल्या त्या दप्तरातूनच आक्चाम यांना १९१५ मधील एका सांकेतिक तारेची प्रतिमा मिळाली आणि संहार नाकारणाऱ्यांचा एक मोठा आधार ढासळला.

याच्या उलट बाजूचीही नोंद घेणे आवश्यक आहे. १९९७ मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इतिहास विभागाने ऑटोमन इतिहासाच्या अध्यासनासाठी तुर्की शासनाने देऊ केलेला निधी नाकारला. संहार नाकारणाऱ्या सत्तेच्या पैशाने संशोधन मोकळे राहील काय, ही शंका त्यामागे होती. २०२२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाने इस्रायल-अभ्यासाच्या अध्यासनासाठी मिळालेले पन्नास लक्ष डॉलर दात्याला परत केले. अध्यासनावरील प्राध्यापिकेने इस्रायलवर टीका करणाऱ्या एका निवेदनावर स्वाक्षरी केली होती. ती दात्यास रुचली नव्हती. पहिल्या प्रसंगी विद्यापीठाने पैसा आधीच तपासला. दुसऱ्या प्रसंगी पैसा परत गेला आणि त्याबरोबर एक अपायकारक संदेशही गेला, की अध्यासनावरील व्यक्तीचे मत दात्याच्या संमतीवर टिकते. ज्याने सोसले त्याला बोलण्याचा अधिकार अधिक आहे, हे मान्य करावे लागते. पण बोलण्याचा अधिकार आणि इतरांचे बोलणे थांबविण्याचा अधिकार या दोहोंत अंतर आहे. दुःखाच्या नावाने ते पुसले गेले तर त्या दुःखाचीच विश्वासार्हता कमी होते. विकत घेतलेली साक्ष म्हणून तिची अवहेलना करण्यास नाकारणारे टपलेलेच असतात.

मराठी विभागांनाही हा विषय केवळ परदेशीय कुतूहलाचा नाही. येथील विद्यापीठांतही व्यक्तींच्या व घराण्यांच्या नावांची अध्यासने आहेत, घराघरांतून दप्तरे आहेत आणि त्यांतून काय निघावे याविषयी वारसांच्या अपेक्षाही आहेत. निधी स्वीकारण्यापूर्वीच नेमणूक, अभ्यासक्रम आणि प्रकाशन यांवर दात्याचा अधिकार राहणार नाही, हे करारात स्पष्ट लिहिले जावे. असे लिहून देणारा दाताच आपल्या मृतांचे स्मरण खऱ्या अर्थाने सुरक्षित करतो. कारण त्यांच्याविषयी जे शिकविले जाईल ते त्याच्या सांगण्यावरून शिकविलेले नसेल.