जुनी डिझेल मोटार : शेवटच्या धन्याचा हिशेब

तालुक्याच्या गावी बेताच्या पैशात जुनी मोटार घेऊ पाहणाऱ्या माणसापुढे दलाल बहुधा दोन गाड्या उभ्या करतो : टाटांची इंडिका आणि मारुतीची स्विफ्ट. दोन्ही डिझेलवर चालणाऱ्या, दोन्ही दहा-पंधरा वर्षे रस्त्यावर झिजलेल्या. घेणारा कधी भाजीपाल्याचा लहान व्यापारी असतो, कधी विनाअनुदानित शाळेतला शिक्षक, आणि पैसे पतपेढीतून उचललेले असतात. तो दोनच प्रश्न विचारतो : किंमत किती, आणि ॲव्हरेज किती देते? एके काळी एवढ्यावर भागत होते. आता भागत नाही, आणि त्याचे कारण गाडीत नसून डिझेलच्या दरात आहे.

२०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल लिटरला सुमारे ७३ रुपये आणि डिझेल सुमारे ४१ रुपये होते. ही ३२ रुपयांची तफावत सरकारने राखलेली होती, ती शेतीचा पंप, एस.टी. आणि मालवाहतूक यांच्या नावाने. प्रत्यक्षात तिचा मोठा लाभ नवी कोरी डिझेल मोटार घेऊ शकणाऱ्या वर्गाने उठविला. डिझेल मोटारींवर ८०,००० रुपयांचे जादा अबकारी शुल्क बसवावे, अशी शिफारस किरीट पारीख समितीने २०१० मध्येच केली होती. तिचे काय झाले हे सर्वश्रुत आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि २०२४ साली मुंबईत हा फरक बारा ते चौदा रुपयांवर आलेला होता. सवलत पहिल्या धन्याने उपभोगली. झिजलेले इंजिन मात्र शेवटच्या धन्याच्या वाट्याला आले आहे.

म्हणून या दोन गाड्यांची तुलना करायची ती दुरुस्तीच्या बाजूने. डिसेंबर १९९८ मध्ये बाजारात उतरलेल्या इंडिकाचे १४०५ सी.सी.चे जुन्या धाटणीचे इंजिन गोंगाट करते, चढावर धापा टाकते आणि धूरही अधिक सोडते. पण त्याचा पंप यांत्रिक आहे, आणि ‘पंप-नोझल दुरुस्ती’ची पाटी लावलेला कारागीर कोणत्याही बाजारपेठेच्या गावी सापडतो. त्याला संगणक लागत नाही. टायमिंगचा पट्टा मात्र केव्हा बदलला याची खात्री करून घ्यावी. तो धावत्या गाडीत तुटला तर इंजिनच उघडावे लागते.

स्विफ्टमध्ये २००७ पासून बसविले गेलेले १२४८ सी.सी.चे इंजिन मूळ फियाटचे. तेच पुण्याजवळ रांजणगावलाही तयार होत असे आणि टाटांच्या व्हिस्टा, मांझा या गाड्यांतही बसविले जाई. त्यामुळे सुट्या भागांची वानवा नाही. पट्ट्याऐवजी साखळी आहे. गाडी चपळ आहे आणि डिझेल कमी पिते. परंतु कॉमन रेल पद्धतीत डिझेल फार मोठ्या दाबाने फवारले जाते, आणि पिंपातून ओतलेले पाणीमिश्रित इंधन तिला सोसत नाही. चारही इंजेक्टर आणि टर्बो एकदम थकले, तर गाडीच्या किमतीचा बराच हिस्सा गॅरेजमध्ये जातो, तोही जिल्ह्याच्या ठिकाणी.

गाडी पाहायला सकाळी जावे आणि बोनेटवर हात ठेवावा. तो कोमट लागला, तर विक्रेत्याने इंजिन आधीच तापवून ठेवले आहे, असे समजावे. थंड इंजिन पहिल्या एक-दोन फेऱ्यांत सुरू झाले पाहिजे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. वेग वाढविताना काळ्या धुराचे लोट निघाले तर नोझल, इंजेक्टर किंवा हवेच्या मार्गाकडे बोट जाते. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण सैल करून पाहावे. आतून वाफेचा जोरदार झोत आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत, मग दलाल काहीही सांगो. मीटरवरील किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. पायाखालच्या पेडलचे झिजलेले रबर अधिक खरे बोलते. इंडिका तर पुष्कळदा पिवळ्या पाटीची भाड्याची गाडी म्हणून राबलेली असते, आणि पाटी पांढरी केल्याने ते राबणे पुसले जात नाही. आर.टी.ओ.च्या नोंदीत तो इतिहास शोधावा.

रोज पंचवीस-तीस मैलांची खेप असेल आणि जवळ जुना मिस्त्री असेल, तर चांगल्या स्थितीतील इंडिका पुरेशी आहे. महामार्गावर महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर जाणाऱ्याने स्विफ्ट घ्यावी, पण इंजेक्टर यंत्रावर तपासून घेतल्यानंतरच. महिन्याकाठी पाचशे किलोमीटरसुद्धा न फिरणाऱ्याने दोहोंच्या वाटेला जाऊ नये. डिझेलमुळे त्याचे महिन्याला हजार-अकराशे रुपये वाचतील आणि एका मोठ्या दुरुस्तीत दोन वर्षांची बचत बुडेल.

दिल्लीची पाटी असलेली स्वस्त गाडी दिसली तर अधिकच सावध राहावे. दहा वर्षांवरील डिझेल गाड्या राजधानीच्या रस्त्यांवर नकोत, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. पुढे त्यात फेरफार झाले, तरी दरम्यान कित्येक गाड्या ना-हरकत दाखला घेऊन इतर राज्यांत विकल्या गेल्या. राजधानीच्या फुप्फुसांना जो धूर सोसवत नाही तो लहान गावांच्या फुप्फुसांना सोसवतो, असा काही वैद्यकीय शोध कुणाच्या वाचनात नाही! अशा गाडीवर महाराष्ट्रात नव्याने कर भरावा लागतो, हे दलाल सहसा शेवटी सांगतो.

पासिंगचेही तसेच. २०१० साली नोंदलेल्या गाडीची मुदत २०२५ मध्ये संपली, २०१२ च्या गाडीची २०२७ मध्ये संपते. मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. शिवाय पर्यावरण कर आणि तपासणीपूर्वीची डागडुजी वेगळी. ही सर्व रक्कम मागितलेल्या किमतीतून वजा करून मागण्याचा घेणाऱ्याला पूर्ण अधिकार आहे, आणि तो विसार देण्यापूर्वीच बजावला पाहिजे.