टॉयलेटचं दार आणि आपला सीव्ही

तुमच्या सीव्हीत 'स्किल्स'खाली काय लिहिलंय? एमएस ऑफिस, टीमवर्क, कम्युनिकेशन? माझ्याही सीव्हीत तेच आहे, त्यामुळे हसण्याचा हक्क मला नाही. पण माझ्या वर्गातल्या एका मित्राच्या सीव्हीतही तेच दिसलं, तेव्हा खरंच राग आला. हा मुलगा वर्सोवा कोळीवाड्यातला. दर पावसाळ्यात वडिलांबरोबर घरची बोट दुरुस्त करतो. ते त्याने कुठेच लिहिलं नव्हतं. म्हणे, ''ते घरचं काम गं!''

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ते तुम्हाला ठाऊक असेल. पण बोटींचं खरं काम तेव्हाच निघतं. मागच्या जूनमध्ये मी बघायला गेले. बुडाला चिकटलेली कवचं खरवडायची, तडा गेलेल्या जागी फायबर घासून ओलावा पूर्ण जाऊ द्यायचा, मग मॅटचे तुकडे रेझिनमध्ये भिजवून थरावर थर चढवायचे. रेझिनमध्ये हार्डनर किती? साधारण एक ते दोन टक्के, आणि हवा किती गरम आहे ते बघून कमी-जास्त. मी अंदाजाने ओतलं. थोड्याच वेळात डबा हाताला चटका बसेल इतका तापला आणि रेझिन डब्यातच दगड झालं. काका ओरडले नाहीत. ''मोजून टाकायचं, बाय,'' एवढंच म्हणाले. आपण केमिस्ट्रीत 'उष्मादायी अभिक्रिया' पाठ केली होती ना, ती ही! (मास्क न लावता फायबर घासू नका. अंगाला सुटलेली खाज मला दोन दिवस पुरली.)

हे 'घरचं काम' किती मोठं असतं, ते अभिलाष टॉमी यांना विचारा. गोल्डन ग्लोब रेसमध्ये छत्तीस फुटांपर्यंतच्या छोट्या शिडाच्या बोटीतून एकट्याने, कुठेही न थांबता जगाला वळसा घालायचा असतो. जीपीएस नाही, बाहेरची मदत नाही. २०१८ मध्ये वादळात बोटीची डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली. तरी हा माणूस २०२२ मध्ये 'बयानत' घेऊन परत उतरला आणि २०२३ मध्ये दुसरा आला. वाऱ्याच्या जोरावर बोटीची दिशा धरून ठेवणारं विंडवेन वाटेत मोडलं, तेव्हा त्यांनी टॉयलेटच्या दाराचं लाकूड कापून ते दुरुस्त केलं. भर समुद्रात मेकॅनिक कुठून आणणार?

त्यांच्याआधी, २००९-१० मध्ये, दिलीप दोंदे यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 'म्हादेई' गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात बांधली गेली आणि बांधणीच्या काळात दोंदे स्वतः तिथे होते. जी बोट तयार होताना पाहिली, तिची नस सापडणं सोपं जातं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. नव्या अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंगला क्रेडिट्स मिळतात. मग एसी ऑफिसात फोटोकॉपी काढणाऱ्याला ती मिळतात आणि दोन महिने बोटीचं बूड, इंजिन, वायरिंग सांभाळणाऱ्याला का नाही? कॉलेजांनी कोळीवाड्यांशी बोलावं, पण फुकटात शिकवा असं म्हणू नये. सीझनच्या तोंडावर शिकाऊ पोरांना सांभाळण्यात त्यांचा वेळ जातो, रेझिन जातं (माझ्यामुळे गेलंच), त्याचे पैसे द्यावेत. शिडाची ओढ असेल तर एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये सेलिंग शिकता येतं, तिथेही चौकशी करा. फक्त शीड उभारण्याआधी कुणीतरी बूड घासलेलं असतं, तेही शिकून घ्या.

मित्राने अखेर सीव्ही बदलला. एमएस ऑफिसच्या वर एक ओळ आली: 'फायबर बोटीची दुरुस्ती, चार सीझन.' येत्या जूनमध्ये मी पुन्हा जाणार आहे. या वेळी मोजायचा कप माझा मी घेऊन ये, असा निरोप काकांनी आधीच धाडलाय.