गावठाणाची रेष कोणी आखली?

भूगोलाच्या पेपरात एक प्रश्न हमखास येतो: ग्रामीण वस्त्यांच्या आकृतिबंधावर परिणाम करणारे घटक स्पष्ट करा. आपण सगळ्यांनी तो सोडवला आहे. पाण्याची उपलब्धता, जमिनीचा कस, भूरचना, संरक्षण, वाहतुकीचे मार्ग. मग केंद्रित वस्ती, विखुरलेली वस्ती, रेषीय वस्ती आणि शेवटी पेन्सिलीने काढलेली एक आकृती. ज्या घरातून निघून आपण तो पेपर द्यायला गेलो, ते घर त्या आकृतीत कुठे होतं, हे परीक्षकाने विचारलं नाही आणि आपल्यालाही लिहावंसं वाटलं नाही. लिहिलं असतं तर गुण कापले गेले असते, हेही खरं.

‘केंद्रित वस्ती’ हा शब्दच घ्या. घरं एकमेकांना खेटून, लोक एकत्र, म्हणून एकोपा अधिक, असं आपण पाठ केलं. ज्याला गावकूस म्हणजे काय हे घरातूनच कळलेलं आहे, त्याला हे वाक्य पाठ करताना थोडं अडखळायला हवं होतं. गाव एक नसतं. मधली वस्ती एक, आणि तिच्यापासून थोडं अंतर राखून, बऱ्याच ठिकाणी पूर्वेला किंवा उताराच्या अंगाला, दुसरी. महारवाडा, मांगवाडा. हे काही फक्त महाराष्ट्राचं नाही. तामिळनाडूत ‘ऊर’ आणि ‘चेरी’ असे दोन वेगळे शब्द आहेत. कर्नाटकात होलगेरी, तेलुगू मुलखात मालपल्ली आणि मादिगवाडा, पंजाबात वेहडा, गुजरातेत वास. बिहारमध्ये तर दिशाच वस्तीचं नाव झाली: दक्खिन टोला. भाषा बदलते, माती बदलते, पाऊसमान बदलतं, पिकं बदलतात आणि तरी आकृती तीच राहते. मग हा आकृतिबंध पाण्याने आणि मातीने ठरवला असं कसं म्हणायचं? एखाद्या भूगोलतज्ज्ञाला इतका मोठा, इतका सलग आकृतिबंध दुसऱ्या कुठल्या देशात सापडला असता, तर त्याने त्यावर सिद्धांत मांडला असता.

बाबासाहेबांनी तो पाहिला होता. अस्पृश्य गावाबाहेर का राहतात, या एका प्रश्नावर १९४८ चा त्यांचा ग्रंथ उभा आहे. त्याच्या आधी, जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत स्वतंत्र वसाहतींची मागणी ठरावाने मांडली गेली आणि १९४७ च्या संविधान सभेसाठीच्या निवेदनात त्यांनी त्यासाठी वसाहत आयोग मागितला. प्रत्येक गावात मूठभर घरं, तीही जमिनीविना, तीही कडेला, अशा मांडणीत हक्क कागदावरच राहतात, हा त्यांचा मुद्दा होता. हा शुद्ध वस्तीभूगोल आहे. पण भूगोलाच्या अभ्यासक्रमात बाबासाहेब सहसा भेटत नाहीत. ते राज्यशास्त्रात भेटतात आणि तिथेही घटनेपुरतेच.

आता कोणी म्हणेल, हे जुनं झालं. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये जातिवाचक वस्त्यांची नावं बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं देण्याचा निर्णय घेतला. पाटी बदलली ते चांगलंच झालं. पाटीमागची जागा मात्र तीच आहे, आणि त्या जागेचा आज रोकडा हिशेब होतो. तो गावठाणाच्या रेषेवर होतो.

गावठाण म्हणजे गावात राहण्यासाठी ठरवून दिलेली जागा. तिची हद्द ठरवण्याचा अधिकार जमीन महसूल संहितेने जिल्हाधिकाऱ्याला दिला आहे. एप्रिल २०२० पासून केंद्राची ‘स्वामित्व’ योजना सुरू आहे. ड्रोनने गावठाण मोजायचं आणि घरमालकाला मालमत्ता पत्रक द्यायचं. या कागदावर बँक कर्ज देऊ शकते, वारसा लावता येतो, वाद झाला तर पुरावा होतो. योजना वाईट नाही. पण ती मोजते गावठाण, आणि आपल्या वस्तीतली किती घरं रेषेच्या आत आहेत?

जुना वाडा कदाचित आत असेल. पण आजोबांचं एक घर होतं, त्याची तीन झाली, तिघांची सात. भोवतीची शेतं ज्यांची, ते घरासाठी गुंठाभरही विकत नाहीत. विकली तरी दर असा सांगतात की घेणाऱ्याने विचार सोडून द्यावा. मग माणूस कुठे जाणार? गायरानात. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो लोक तुरुंगात गेले, ते याच जमिनीच्या भुकेपोटी. १९९१ मध्ये शासनाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची काही अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय काढला. ज्यांची कागदपत्रं जमली त्यांचं नाव लागलं, बाकीचे तसेच राहिले. २०२२ मध्ये उच्च न्यायालयात गायरानाचा विषय आला तेव्हा राज्यभरात दोन लाखांहून अधिक अतिक्रमणं मोजली गेली आणि घरोघरी नोटिसा गेल्या. त्यात धनदांडग्यांची गोदामं आणि ढाबेही होते, हे मान्य. पण ज्याचं दुसरं घरच नाही, त्यालाही शब्द तोच लावला गेला: अतिक्रमक. आधी गावाबाहेर बसवायचं, मग गाव मोजायचं, आणि मग जे बाहेर आहेत त्यांना बेकायदेशीर ठरवायचं. यात कुठल्याही तलाठ्याने जात पाहायची गरज पडत नाही. ते काम रेष करते.

तामिळनाडूत ही रेष विटांची असते. मदुराई जिल्ह्यातल्या उथपुरममध्ये १९८९ ला उभी राहिलेली भिंत २००८ मध्ये थोडीशी फोडली गेली, तीही आंदोलन झाल्यावर. डिसेंबर २०१९ मध्ये मेट्टुपाळयमजवळच्या नाडूर इथे शेजारच्या घराची उंच कुंपणभिंत पावसात दलित वस्तीवर कोसळली आणि सतरा माणसं मेली.

शहर याला उतारा आहे, असं आपण मानतो. बऱ्याच अंशी तो आहेही. खेड्यात राहिलो असतो तर हा लेख लिहिणारे आणि वाचणारे दोघेही इथे नसते. पण शहरी भूमी उपयोजनाचा धडा आठवा. बर्जेसची एकात एक वर्तुळं: मध्यवर्ती व्यापारी क्षेत्र, संक्रमण क्षेत्र, कामगार वस्ती, आणि बाहेर सुखवस्तू लोक. १९२५ मध्ये शिकागोवरून काढलेला हा नमुना. आपल्या पुस्तकांत ती कोरी वर्तुळं छापतात. बर्जेसच्या त्याच प्रकरणात दुसरी आकृतीही आहे. तिच्यात वर्तुळांना छेदत जाणारा एक पट्टा आहे आणि त्यावर ‘ब्लॅक बेल्ट’ असं लिहिलं आहे. म्हणजे शिकागोच्या प्राध्यापकाला वंश दिसला होता, तो त्याने काढलाही होता. भारतात येता येता तो पट्टा गळला. काढला असता तर त्याजागी इथला पट्टा कोणता, असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने नक्की विचारला असता.

तो पट्टा आकड्यांत दिसतो. त्रिना विठयाथिल आणि गायत्री सिंग यांनी २००१ च्या जनगणनेवरून सात मोठ्या महानगरांचा अभ्यास केला. त्यात सामाजिक-आर्थिक स्तरापेक्षा जातीने पडलेली निवासी फारकत जास्त निघाली. पैसा आला की मोहल्ला बदलतो, हे म्हणणारे हा निष्कर्ष वाचत नाहीत. भाड्याने खोली शोधलेल्या आपल्यातल्या कुणालाही त्यासाठी अभ्यासाची गरज नाही. आडनाव सांगितल्यावर ‘आत्ताच दिली’ हे उत्तर आपण ऐकलेलं आहे.

उद्योगांच्या स्थानिकीकरणाचंही तसंच. वेबरने १९०९ मध्ये वाहतूक खर्च, मजुरी आणि एकत्रीकरण मांडलं. मजूर म्हणजे मजूर, कोणीही. मुंबईच्या गिरणीत मात्र विणकाम खात्यात, जिथे मजुरी जास्त, तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यातून सूत तोंडाने ओढावं लागे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. आणि उद्योग कुठे आला, याच्याइतकंच त्याचा धूर कुठे जातो, हेही स्थानच असतं. मुंबईत माहुलला दोन तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी पुनर्वसनाच्या इमारती उभ्या राहिल्या. तिथल्या हवेने आरोग्याला धोका आहे असं हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटलं होतं. तरी त्यानंतर तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडून माणसं तिथे पाठवली गेली. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की त्यांना दुसरी जागा द्या, नाहीतर महिना पंधरा हजार रुपये भाडं द्या.

आता जनगणना येते आहे आणि यावेळी सर्वांची जात मोजली जाणार आहे. त्यावर आपल्याकडे जी चर्चा चालते ती टक्केवारीची, आरक्षणाची. ती हवीच. पण आजवर अनुसूचित जातींचे आकडे खेड्यात पूर्ण गावाचे आणि शहरात प्रभागाचे छापले जातात. गावात दोनशे दलित आहेत एवढं कळतं. ते दोनशे एकाच कोपऱ्यात आहेत आणि त्या कोपऱ्यापर्यंत नळ येत नाही, हे कळत नाही. प्रगणक गटवार आकडे, नावं काढून, खुले करा ही मागणी भूगोल शिकलेल्या आपल्या मुलामुलींनी करायला हवी. इतर कोणाला तिची निकड वाटणार नाही.

तोवर पदवीच्या शेवटच्या वर्षाला असाल तर क्षेत्रअभ्यासाचा विषय म्हणून स्वतःचंच गाव घ्या. मंदिर, शाळा, पाण्याची टाकी, डांबरी रस्ता कुठे संपतो, शेवटचा दिव्याचा खांब, दोन स्मशानभूमी असतील तर दोन्ही, हे सगळं अंतरासह नकाशावर टाका, आणि त्यावर गावठाणाची हद्द बसवा. हद्दीचा नकाशा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. साधा अर्ज करावा लागतो. पहिल्या फेरीत देत नाहीत, पोचपावती घेऊन ठेवा.