सही करण्यापूर्वी वाचता आले पाहिजे

सातारा-सांगली भागात आपल्या समाजातील अनेक तरुण 'स्पोकन इंग्लिश'च्या क्लासची फी आनंदाने भरतात. बोलता यावे ही इच्छा चांगलीच आहे. परंतु व्यापारी व कारागीर अडचणीत येतो तो बहुधा न वाचता सही केल्यामुळे. बँकेचा कर्जकरार, विमा पॉलिसीतील अटी, वकिलाची नोटीस हे सारे बहुतेक वेळा इंग्रजीत येते आणि आपण 'सीए साहेब बघतील' म्हणून गल्ल्यात ठेवून देतो.

न वटलेल्या चेकची नोटीस घ्या. ती मिळाल्यापासून 15 दिवसांत रक्कम दिली नाही तर कलम 138 खाली फौजदारी खटला होऊ शकतो. सीए साहेब परगावी आहेत म्हणून मुदत थांबत नाही.

दुसरे उदाहरण मिरजेचे. तेथील सतार व तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. शिकलगार कारागिरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या मेहनतीचे चीज झाले. पण 1999 च्या कायद्यानुसार मानांकनाचा हक्क बजावण्यासाठी कारागिराने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद करून घ्यावी लागते. अर्ज, नियम आणि परदेशी गिऱ्हाईकाची पत्रे मुख्यतः इंग्रजीत. ज्याला ती वाचता येत नाहीत, त्याच्या हुन्नराचा नफा मध्यस्थाच्या खिशात जाण्याची भीती राहते.

यावरचा इलाज फुकट आहे. ब्रिटिश कौन्सिलच्या 'लर्न इंग्लिश' या संकेतस्थळावर सोप्यापासून अवघडापर्यंत पातळीवार उतारे असून त्यांच्याखाली प्रश्न दिलेले आहेत. दुकान उघडण्यापूर्वी मोबाईलवर 15 मिनिटे पुरेत. आधी प्रश्न वाचावेत, मग उतारा. शब्द अडला तरी लगेच भाषांतराचे बटण दाबू नये. उत्तर चुकले तर बरोबर उत्तर कोणत्या ओळीत होते ते शोधावे. गुणांपेक्षा हा शोध मोलाचा आहे. महिनाभराने घरातील जुनी विमा पॉलिसी काढावी आणि 'शॅल', 'मे', 'अनलेस' या शब्दांखाली रेघ मारावी. करारात 'शॅल' म्हणजे सहसा बंधन, 'मे' म्हणजे मुभा आणि 'अनलेस'च्या पुढे अट. या तीन शब्दांवर हजारो रुपयांचा फरक पडतो.

आमच्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्यांनी कचरण्याचे कारण नाही. उर्दूत जेर-जबर लिहिलेले नसतानाही आपण वाक्याच्या ओघावरून शब्द ओळखतोच. तीच सवय इंग्रजीत कामी येते.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. कुरआन शरीफमधील ही सर्वांत मोठी आयत. लिहिलेला कागद आपल्याला वाचताच येत नसेल, तर त्या हुकमामागचा हेतू कसा साधणार?

सातारा, कराड, सांगली, मिरज येथील जमातींनी आठवड्यातून एक तास यासाठी द्यावा. शाळेत शिकणाऱ्या मुला-मुलींना शेजारी बसवून बापाने त्यांच्याबरोबर एक उतारा सोडवावा. यात कमीपणा कसला? वकील आणि सीए यांचा सल्ला घ्यावाच. पण त्यांना काय विचारायचे, हे कळण्यासाठी कागद आधी आपण वाचलेला असला पाहिजे.