वरातीमागून घोडं

मामाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज कार्डासोबत औषधांची फुगलेली पिशवी हातात आली. तीत सात दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या. ताप नाही, टाके कोरडे. मग या कशाला, असं विचारलं तर उत्तर मिळालं, "असू द्या, सेफ साइड." मामी खूश. डॉक्टर काळजी घेतात म्हणाली.

माझं भांडण आहे ते या 'सेफ साइड'शी, अँटिबायोटिकशी नव्हे.

पहिला युक्तिवाद असा की टाके सुकेपर्यंत औषध चालू हवंच. पण जंतू जखमेत शिरतात ते मुख्यतः ऑपरेशन चालू असताना, बरेचदा रोग्याच्याच कातडीवरून. तेव्हा औषध तिथे हजर हवं. जॉन बर्क यांनी 1961 मध्ये गिनीपिगवर हेच दाखवलं. जंतू टोचण्याआधी किंवा लगोलग दिलेल्या औषधाने लागण आटोक्यात राहिली, तीन तासांनंतर दिलेलं वाया गेलं. 1992 मध्ये अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीतल्या 2,847 रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चीर देण्याआधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांपैकी 0.6 टक्क्यांच्या जखमेत लागण झाली. चीर दिल्यावर तीन तास उलटून मिळालेल्यांत 3.3 टक्के. औषध खूप आधी दिलं, तरीही आकडा 3.8 टक्के. म्हणजे प्रश्न दिवसांचा नाही, वेळेचा आहे.

दुसरा युक्तिवाद: चार गोळ्या जास्त गेल्या तर बिघडलं काय? बिघडतं. पोटातले उपयोगी जंतू मरतात, चिवट जुलाब लागू शकतात, काही औषधं मूत्रपिंडाला जड जातात. शिवाय गोळ्यांना पुरून उरलेले जंतू फोफावतात, आणि पुढे खरोखर पू झाला की तेच औषध चालेनासं होतं.

तिसरा युक्तिवाद आपल्या खास जिव्हाळ्याचा: "ते परदेशात ठीक. आपल्याकडे धूळ, गर्दी." धूळ गोळीने झाडली जात नाही. त्यासाठी हात धुवावे लागतात, हत्यारं नीट निर्जंतुक करावी लागतात, रोग्याची साखर आटोक्यात ठेवावी लागते, केस वस्तऱ्याने खरवडणं सोडावं लागतं. या कामांतली कुचराई गोळ्यांच्या पिशवीत झाकली जाते. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये ऑपरेशन संपल्यावर प्रतिबंधक औषध लांबवू नका असं सांगितलं, ते केवळ श्रीमंत देशांना नव्हे.

फुटलेलं अपेंडिक्स, आधीच साचलेला पू, ही गोष्ट निराळी. तिथे औषध हा प्रतिबंध नसून उपचार असतो, आणि तो पुरा करायलाच हवा. तसंच प्रत्येक लहानसहान ऑपरेशनला प्रतिबंधक डोस लागतो असंही नाही. पण जिथे लागतो तिथे तो चुकता कामा नये. योग्य औषध, वजनाप्रमाणे मात्रा, बहुतेक वेळा चीर देण्याआधीच्या तासाभरात; ऑपरेशन फार लांबलं किंवा रक्त फार गेलं तर मध्ये पुन्हा एकदा. जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑपरेशन थिएटरसाठीच्या तपासयादीतही गेल्या 60 मिनिटांत औषध दिलं का, हा प्रश्न आहे.

मामाच्या कागदांत गोळ्यांची नावं, वेळा, दिवस सगळं होतं. चीर देण्याआधी इंजेक्शन किती वाजता दिलं, ती ओळ मात्र सापडली नाही. डॉक्टरांना विचारायचंच, तर 'गोळ्या किती दिवस' याच्या आधी ते विचारा.